दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी ठणका वाढला, तर काय करावे?

खालच्या डाव्या बाजूची अक्कलदाढ मी ज्या दिवशी काढून घेतली, त्या दिवशी संध्याकाळी घरच्यांना मोठ्या दिमाखात सांगितले होते की एवढे घाबरण्यासारखे त्यात काही नव्हते. भूल उतरल्यावर दुखले, गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातही गेलो. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास मात्र कानात कोणी तापलेली सळई फिरवत असावे असा ठणका सुरू झाला आणि दाढेचा विचारही मनात न आणता मी सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान अगदी स्वच्छ निघाला. मग ‘इन्फेक्शन असेल’ असे स्वतःच ठरवून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणले आणि ते तीन दिवस घेतले, तरी रात्रीची झोप काही परत आली नाही. शेवटी जिथे दाढ काढली होती त्याच दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आरशात एकदा डोकावून ‘ड्राय सॉकेट’ असे निदान केले आणि पंधरा मिनिटांच्या उपचारानंतर तासाभरात मी चार दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेलो.

माझे जे चार दिवस वाया गेले ते तुमचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख क्रमाने लिहिला आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल इथे जे लिहिले आहे, ते तुमच्या दंतवैद्यांना नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून लिहिले आहे आणि अंतिम शब्द त्यांचाच आहे.

१. आधी नेमके काय बिघडते ते समजून घ्या

दाढ उपटल्यावर जबड्याच्या हाडात जो खड्डा उरतो, तो काही मिनिटांत रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचे आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवरचे झाकण असते, आणि पुढची सगळी नवी ऊती तिच्याच आधाराने वाढते. काही जणांच्या बाबतीत ही गुठळी वेळेआधीच विरघळते किंवा निघून जाते, मग हाड उघडे पडते आणि हवा, पाणी, अन्नाचा कण असे काहीही लागले तरी कळ मस्तकापर्यंत जाते. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात आणि हे नाव १८९६ पासून वापरात आहे. पुढे असे दिसून आले की हाडाला झालेल्या इजेमुळे व दाहामुळे रक्तातील गुठळी विरघळवणारी यंत्रणा त्या जागी अवेळी जागी होते. म्हणूनच चूळ जोरात भरल्यामुळेच हे झाले, असे दर वेळी म्हणता येत नाही. सगळी पथ्ये पाळूनही हे होऊ शकते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे दुखणाऱ्या माणसाला आधी ‘तूच काहीतरी खाल्ले असशील’ हे ऐकावे लागते.

साधे दात काढल्यावर हे शंभरातील दोन-पाच जणांनाच होते. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत, विशेषतः हिरडी कापून व हाड कोरून ती काढावी लागली असेल तर, हे प्रमाण कितीतरी जास्त असते. तंबाखू, सिगारेट, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, तोंडाची अस्वच्छता, आणि आधी एकदा ड्राय सॉकेट झालेले असणे, या गोष्टी धोका वाढवतात.

२. दाढ काढण्याआधीच ही तयारी करा

दवाखान्यात जाताना पुढील गोष्टी एका पाकिटात घालून न्याव्यात :

- आधी काढलेला एक्स-रे किंवा ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे)
- रोज चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे किंवा त्यांचे फोटो
- मधुमेह असल्यास अलीकडचा रक्तातील साखरेचा अहवाल
- रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे लिहिलेला कागद

यातील चौथ्या बाबीत फार मोठी चूक होते. दाढ काढायची म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन यांसारखी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण हिरडीतून थोडे अधिक रक्त आले तर ते थांबवता येते, हृदयात किंवा मेंदूत झालेल्या गुठळीचे तसे नसते. त्याचप्रमाणे हाडे ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन घेतले असेल, अथवा जबड्याच्या भागाला रेडिएशन दिलेले असेल, तर ते न विचारताही सांगावे. अशा रुग्णांत न भरणारी जखम म्हणजे जबड्याचे हाड मृत होण्याची सुरुवात असू शकते आणि त्याचे उपचार साध्या ड्राय सॉकेटपेक्षा पूर्णपणे वेगळे असतात. घरातल्या आजींना वर्षातून एकदा दिलेले ‘हाडांचे इंजेक्शन’ कोणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून जुनी फाईल उघडून पाहावी.

परदेशातून सुट्टीवर येऊन पुण्या-मुंबईत दातांची कामे उरकणाऱ्यांनी अक्कलदाढ सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात काढून घ्यावी. परतीच्या विमानाच्या दोन दिवस आधी काढलेली दाढ विमानातच तिसरा दिवस गाठते.

३. पहिले चोवीस तास : गुठळीला हात लावू नका

गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास सलग, घट्ट चावून धरावा आणि दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबले का’ म्हणून पाहू नये. लाळेत मिसळलेले थोडेसे रक्त खूप वाटते. ते थुंकायचे नसते, गिळायचे असते. थुंकताना आणि स्ट्रॉने ओढताना तोंडात जो ताण निर्माण होतो, त्याने गुठळी सुटू शकते. त्यामुळे ‘थंड चांगले’ म्हणून आणलेले शहाळे स्ट्रॉने न पिता पेल्यात ओतून प्यावे. चूळ भरणे, गुळण्या करणे, जखमेला जीभ किंवा बोट लावणे हे पहिल्या दिवशी पूर्ण बंद ठेवावे. बाहेरून गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवावा, मग तेवढाच वेळ काढावा. गरम शेक पहिल्या दिवशी देऊ नये. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे.

तंबाखूच्या बाबतीत मात्र थोडे स्पष्ट बोलायला हवे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण दंतवैद्यांसमोर ‘मला कसलेही व्यसन नाही’ असे सांगणाऱ्या अनेक घरांत सकाळी मशेरी लावली जाते आणि तिला कोणी तंबाखू मानतच नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती हिरडीवर बोटाने घासायची असल्यामुळे निकोटीनचा परिणाम आणि घर्षण असे दोन्ही थेट जखमेवर होतात. सिगारेट, बिडी, मशेरी, तपकीर, तंबाखू-चुना, यांपैकी जे काही असेल ते निदान पहिले तीन दिवस, आणि जमेल तर जखम भरेपर्यंत, बाजूला ठेवावे. आणि डॉक्टरांना खरे सांगावे.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकेच चूळ भरावी. हलकेच म्हणजे पाणी तोंडात घेऊन मान इकडून तिकडे कलती करावी आणि बेसिनवर वाकून ते आपोआप गळू द्यावे. खळखळून, आवाज करत केलेल्या गुळण्या घसा बसल्यावर ठीक आहेत.

४. दुखणे किती आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेने चालले आहे ते पाहा

या लेखातील एकच भाग वाचायचा असेल, तर हा वाचा. दाढ काढल्यावर दुखतेच, आणि किती दुखते हे माणसागणिक बदलते. म्हणून ‘एवढे दुखणे योग्य आहे का’ या प्रश्नाला नेमके उत्तर नसते. उत्तर असते ते चढ-उताराला. नेहमीच्या जखमेत ठणका पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो आणि नंतर रोज थोडाथोडा उतरतो. सूज मात्र दोन-तीन दिवसांपर्यंत वाढू शकते, म्हणजे तिसऱ्या सकाळी गाल अधिक फुगलेला दिसला पण दुखणे कालच्यापेक्षा कमी असले, तर घाबरायचे कारण नाही. ड्राय सॉकेटमध्ये याच्या उलट घडते. एखादा दिवस बरा जातो आणि मग पहिल्या ते तिसऱ्या दिवसाच्या दरम्यान, क्वचित थोडे नंतर, दुखणे उसळी घेते. ते खड्ड्यातून कानाकडे, कानशिलाकडे किंवा मानेकडे जाते, नेहमीच्या गोळीला दाद देत नाही आणि रात्री आडवे झाल्यावर जास्त जाणवते. तोंडाला वास येतो, जिभेवर कडवट, कुजकट चव राहते.

यासाठी एक साधे साधन वापरा : एक छोटी वही. रोज सकाळी आणि रात्री, गोळी घेण्याआधी, शून्य ते दहा यांत दुखण्याला एक आकडा द्या आणि शेजारी गोळीची वेळ लिहा. माझ्याकडे अशी वही असती तर ‘पहिला दिवस ५, दुसरा दिवस ३, तिसरी रात्र ९’ एवढ्या तीन आकड्यांनी मला कानाच्या डॉक्टरांच्या रांगेतून उठवले असते.

५. आरशात डोकावताना फसू नका

चांगला प्रकाश आणि आरसा घेऊन खड्डा दिवसातून एकदा पाहायला हरकत नाही, परंतु जे दिसते त्याचा अर्थ लावताना बहुतेकांची गल्लत होते. गडद लाल किंवा काळपट भरीव पदार्थ दिसला तर ती गुठळी होय. दोन-तीन दिवसांनी तिच्यावर पिवळसर-पांढरी साय धरते. ती पू नसते, जखम भरण्याचाच तो भाग असतो, आणि इअरबडने किंवा टूथपिकने ती ‘साफ’ करणारे स्वतःच्या हाताने ड्राय सॉकेट ओढवून घेतात. खड्डा रिकामा दिसून तळाशी राखाडी किंवा पांढुरके टणक हाड दिसत असेल आणि त्याबरोबर वर सांगितलेला ठणकाही असेल, तर निदान जवळजवळ झालेच. काही वेळा खड्ड्यात अन्न अडकलेले असल्याने काहीच नीट दिसत नाही. अशा वेळी डोळ्यांपेक्षा वहीतील आकड्यांवर विश्वास ठेवावा.

६. दवाखान्यात फोन कसा करावा

‘डॉक्टर, खूप दुखतंय’ एवढेच सांगितले, तर पलीकडून बहुधा ‘दाढ काढली आहे, थोडे दुखणारच’ असे उत्तर येते, आणि त्यात त्यांचाही फारसा दोष नसतो. त्याऐवजी दाढ कोणत्या तारखेला, कोणत्या बाजूची काढली, टाके आहेत का, पहिल्या दिवसापासूनचे आकडे, दुखणे कानाकडे जाते का, वास येतो का, ताप आहे का आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हे या क्रमाने सांगावे. ‘दुखणे कमी होऊन पुन्हा वाढले आहे’ हे वाक्य जरूर उच्चारावे. त्याच दिवशीची वेळ मागावी.

जिथे दाढ काढली तो दवाखाना बंद असेल किंवा गावाकडे तो उपचार होत नसेल, तर मुखशल्यचिकित्सकांकडे, म्हणजे तोंडाच्या व जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतवैद्यांकडे जावे. खासगी खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई सेंट्रलजवळचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे हा विभाग असतो. नोंदणीसाठी सकाळी लवकर पोहोचावे, आणि सोबत ओळखपत्र, एक्स-रे व दाढ काढल्याचा कागद ठेवावा.

७. उपचारात काय होते आणि काय विचारावे

उपचार ऐकायला किरकोळ वाटतात. कोमट सलाईनने खड्डा हळुवार धुऊन आत अडकलेले अन्न काढतात, दाढेचे मूळ किंवा हाडाचा तुकडा मागे राहिल्याची शंका असल्यास एक्स-रे घेतात आणि मग खड्ड्यात औषधी ड्रेसिंग बसवतात. या ड्रेसिंगला बहुधा लवंगेचा उग्र वास येतो, कारण त्यात लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा घटक असतो. धुताना क्षणभर डोळ्यांसमोर तारे चमकतात, आधी सांगितले तर भूलही देतात. ड्रेसिंग बसल्यावर बहुतेकांना तासाभराच्या आत लक्षणीय आराम पडतो. एक-दोन दिवसांत ठणका परत डोके वर काढतो, तेव्हा ड्रेसिंग बदलावे लागते. माझे तीनदा बदलले. एकूण सात ते दहा दिवसांत हे प्रकरण आटोपते.

निघण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा : ‘हे ड्रेसिंग आपोआप विरघळणारे आहे, की काढावे लागणार आहे?’ गॉजच्या पट्टीचे ड्रेसिंग असेल तर ते काढावेच लागते, आणि बरे वाटू लागल्यावर पुढची तारीख चुकवणारे लोक ती पट्टी आतच विसरतात. मग तीच पट्टी जखम भरू देत नाही. पट्ट्यांची संख्या आणि काढण्याची तारीख वहीत लिहून घ्यावी.

खड्डा खरवडून पुन्हा रक्त आणण्याचा जुना उपाय अजून कोणी सुचवला, तर तो का आवश्यक आहे हे शांतपणे विचारावे, कारण त्याने आणखी हाड उघडे पडून दुखणे वाढू शकते.

आणि अँटिबायोटिक? ड्राय सॉकेट हा उघड्या हाडाचा दाह आहे, तो पसरलेला जंतुसंसर्ग नाही. ताप, पू, वाढती सूज अशी चिन्हे नसताना अँटिबायोटिकने हा ठणका जात नाही. माझ्या पोटाने त्या तीन दिवसांचा हिशेब वेगळा चुकता केला.

८. वेदनाशामक गोळ्या : दुप्पट मात्रेचा सापळा

दातांच्या दुखण्यावर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि ठरावीक अंतराने घेतल्यास, एकट्या गोळीपेक्षा चांगली लागू पडते. दुखणे असह्य होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा पहिले दोन दिवस वेळेवर गोळी घेणे बरे. अडचण अशी आहे की आपल्याकडे ही दोन्ही औषधे एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. ती गोळी घेऊन वर ‘अंग दुखतंय’ म्हणून तापाची वेगळी गोळी घेतली, की पॅरासिटामॉलची मात्रा नकळत वाढते आणि ती यकृताला घातक ठरू शकते. पाकिटामागची बारीक अक्षरे भिंग लावून वाचावीत. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधे किंवा डेंग्यूची शंका असेल, तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये.

९. घरगुती उपाय आणि जेवण

ड्रेसिंगमध्ये लवंगच असते, मग बाटलीतले तेल का नको, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असे की बाटलीतले तेल तीव्र असते आणि उघड्या जखमेवर ते ओतल्यास हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी खड्ड्यात दाबून ठेवणे हा त्याहून वाईट प्रकार, त्याने ऊती पांढरी पडून जळते. हळदपूड, तुरटीची पूड, मध यांचे कण खड्ड्यात अडकून बसतात. मिठाचे कोमट पाणी एवढा एकच घरगुती उपाय मी बिनधास्त सुचवेन.

जेवणात पहिल्या दिवशी गार दही-भात, ताक, नाचणीचे गार आंबील. नंतर मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, शिरा, दुधात कुस्करलेली पोळी असे चालते. चहा कोमट करून प्यावा. शेंगदाण्याचे कूट, तीळ, खसखस, चिवडा आणि जेवणानंतरची बडीशेप हे खरे शत्रू आहेत, कारण त्यांचे कण खड्ड्यात बरोबर मापात बसतात. उपवास असेल तर तो बाजूला ठेवावा, एक तर साबुदाण्याच्या खिचडीत कूट असते आणि दुसरे म्हणजे रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

१०. ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका

गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, जिभेखालचा भाग किंवा गळा सुजून टणक होणे, तोंड दिवसेंदिवस अधिकच कमी उघडणे आणि सोबत थंडी-ताप असणे, यांपैकी काही दिसले तर रात्री असली तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. अर्धा-पाऊण तास दाबून धरूनही रक्त वाहत राहिले तरीही तेच करावे. भूल उतरून गेल्यावरही ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहिली, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वरची दाढ काढल्यानंतर पाणी पिताना ते नाकातून येत असेल, तर नाक शिंकरू नये आणि लगेच दाखवावे, कारण त्या दाढेची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातील, नाकाशी जोडलेल्या पोकळीला (सायनसला) खेटून असतात.

११. ठणका थांबल्यानंतरचे आठवडे

दुखणे गेले तरी खड्डा लगेच भरत नाही. हिरडी वरून बंद व्हायला तीन ते पाच आठवडे लागतात आणि आत हाड भरायला काही महिने जातात. या काळात खालच्या खड्ड्यात अन्न अडकतच राहते. डॉक्टरांच्या परवानगीने, साधारण आठवड्याभरानंतर, वाकड्या टोकाच्या प्लास्टिक सिरिंजने कोमट पाणी हलक्या दाबाने सोडून तो धुवावा. सुईची सिरिंज वापरू नये. शेजारच्या दातांना मऊ ब्रश फिरवत राहावे, कारण भीतीपोटी ती बाजू घासायचीच सोडली, तर तिथे नवीच दुखणी सुरू होतात.

महिन्याभराने जिभेला काहीतरी टोचू लागले, तर दाढेचा तुकडा राहिला असे समजून हबकून जाऊ नका. बहुधा तो हाडाचा सुटा कण असतो आणि शरीर तो आपणहून बाहेर ढकलत असते. माझा एक कण बाविसाव्या दिवशी खिचडी खाताना निघाला, तांदळाच्या कणीएवढा. मी तो कागदाच्या पुडीत बांधून डॉक्टरांना दाखवायला नेला आणि त्यांनी, हसू दाबत, ती पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली.